हा तर आमचाच साहेब!

पुढाऱ्याची टर उडवणारा सिनेमा स्वतःच्या खिशातून काढायचा, आणि तोही असा की ज्यात जनता मुकी असते, खुर्ची उसासे टाकते आणि साहेब अधूनमधून हवेत तरंगतात, हा विचार ज्याच्या डोक्यात येतो त्याच्या घरच्यांची कीव आल्याशिवाय राहत नाही. घर गहाण पडणार. वितरक फोन उचलणार नाही. मुख्य नटाला ऐन शूटिंगच्या तोंडावर पाठदुखी सुरू होणार, आणि ज्या गावात सेट लावायचा तिथले सरपंच ‘वर विचारून सांगतो’ म्हणणार. एवढ्यातून तरून जे काही पडद्यावर येतं ते पाहून मित्र विचारतात, “अरे, पण सरळ का नाही दाखवलंस? पुढारी पैसे खातो, तर खाताना दाखव ना! खुर्चीला तोंड कशाला फोडलंस?” प्रश्न रास्त आहे, आणि बहुतेक दिग्दर्शक त्याचं उत्तर कलेच्या भाषेत देतात, म्हणजे देत नाहीत. खरं उत्तर व्यवहाराचं आहे. सरळ सिनेमा पुढाऱ्यावर आरोप करतो, आणि आरोप पचवण्यात पुढारी कसलेले असतात. उभ्या हयातीत त्यांनी दुसरं काही पचवलेलंच नसतं. अतिवास्तव सिनेमा, म्हणजे तापात पडलेल्या स्वप्नासारखा सिनेमा, कुणावरच आरोप करत नाही. तो नुसती एक टोपी शिवून खुंटीला टांगून ठेवतो. ती आपल्या मापाची आहे हे सांगायला मग कुणाला तरी स्वतःहून उठावं लागतं, आणि तो उठला की सिनेमा पुरा झाला. खाई त्याला खवखवे. अशा सिनेमाचा शेवट दिग्दर्शक लिहीत नाही, तो सरकारी कचेरीत लिहिला जातो, असं माझं म्हणणं आहे. आणि त्याला लेखी पुरावा आहे.

अमृत नाहटा हे राजस्थानातल्या बाडमेरचे खासदार, तेही सत्ताधारी काँग्रेसचे. त्यामुळे पुढाऱ्यांवरच्या सिनेमाला लागणारा सगळा अभ्यास त्यांचा लोकसभेच्या बाकावर बसल्याबसल्या होत असणार. त्यांनी ‘किस्सा कुर्सी का’ काढला आणि एप्रिल १९७५ मध्ये सेन्सॉरकडे पाठवला. गंगाराम नावाचा पुढारी, खुर्चीसाठी त्याचे चाललेले चाळे, आणि ज्या जनतेला तो नादी लावू पाहतो ती जनता म्हणजे एक मुकी, भांबावलेली बाई. पुढे पडद्यावर आलेल्या आवृत्तीत ही जनता शबाना आझमी झाल्या आहेत. एवढ्या ताकदीच्या नटीला घ्यायचं आणि मुकी करायची, ही छाती आपल्याकडे एरवी फक्त निवडणुकीत मतदारांच्या बाबतीत दाखवली जाते. स्वस्तातल्या छोट्या मोटारीच्या योजनेचीही त्यात टवाळी होती, आणि त्या काळात तशी मोटार देशात कोण बनवायला निघालं होतं हे शाळकरी पोरालाही ठाऊक होतं. सिनेमा सात जणांच्या पुनरीक्षण समितीपुढे गेला, तिथून फाइल दिल्लीला गेली, आणि माहिती व नभोवाणी मंत्रालयाकडून नाहटांना नोटीस आली. तीत ५१ हरकती होत्या. ५१ हा आपल्याकडे मंगलकार्यात पाकिटात घालायचा आकडा. मंत्रालयाने तो मुद्दाम निवडला असेल असं म्हणवत नाही, पण आहेर मात्र भरघोस होता.

नाहटांनी ११ जुलैला लेखी उत्तर दिलं की पात्रं काल्पनिक आहेत, कुठल्या पक्षाशी किंवा व्यक्तीशी त्यांचा संबंध नाही. तोवर आणीबाणी लागून पंधरवडा उलटला होता. हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. एकात सिनेमा काढणारा म्हणतो, हे कुणीच नव्हे. दुसऱ्यात सरकार ५१ ठिकाणी बोट ठेवून म्हणतं, असं कसं, हे कुणीतरी आहेच. एखाद्या अवर सचिवाच्या जागी स्वतःला बसवून बघा. समोर एका गंगारामाचा सिनेमा आहे. तो मूर्ख आहे, लबाड आहे, खुर्चीला चिकटलेला आहे. हरकत घ्यायची तर टिपणात आधी हे मान्य करावं लागणार की मूर्ख, लबाड आणि खुर्चीला चिकटलेला म्हटल्यावर आपल्याला एक विशिष्ट नाव आठवलं. मोटारीला हरकत घ्यायची तर ती मोटार ओळखावी लागणार. मुक्या बाईला हरकत घ्यायची तर जनतेची वाचा गेली आहे हे सरकारी कागदावर आणावं लागणार. म्हणजे चेष्टा करणारा हात वर करून मोकळा, आणि ती चेष्टा कुणाची हे शोधून, अनुक्रमांक घालून, तीन प्रतींत टंकलिखित करण्याचं काम सरकारी पगारावर. समीक्षकांनी कधी कुठल्या सिनेमाचं इतकं बारीक वाचन केलेलं नसेल.

पुढचा भाग कुणी पटकथेत लिहून आणला असता तर निर्मात्याने ‘जरा जास्तच होतंय’ म्हणून काटला असता. नाहटा सर्वोच्च न्यायालयात गेले. सिनेमा स्वतः पाहायचा असं न्यायालयाने ठरवलं आणि १७ नोव्हेंबर १९७५ ही तारीख नेमली. न्यायमूर्ती पाहायला तयार, पण सिनेमाच नाही. सरकारच्या ताब्यातल्या प्रिंट आणि निगेटिव्ह सरकारलाच सापडेनात. आणीबाणी उठल्यावर चौकशी झाली तेव्हा समोर आलं की मुंबईहून १३ लोखंडी ट्रंका दिल्लीला नेण्यात आल्या होत्या, आणि फिर्यादी पक्षाचं म्हणणं असं की त्यांतली रिळं गुडगावला संजय गांधींच्या मारुती मोटारीच्या कारखान्याच्या आवारात जाळण्यात आली. मोटारीची टर उडवणारा सिनेमा मोटारीच्याच कारखान्यात! ट्रंका ह्या सिनेमातलं सर्वात सुंदर पात्र आहेत असं मला नेहमी वाटतं. त्यांना संवाद नाहीत, त्या नुसत्या येतात, आणि त्या आल्यावर सगळे गप्प होतात. मे १९७८ मध्ये, ह्या खटल्यातले साक्षीदार फोडण्याच्या प्रयत्नांचा ठपका ठेवून, सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या न्यायासनाने संजय गांधींचा जामीन महिनाभरासाठी रद्द केला. २७ फेब्रुवारी १९७९ ला दिल्लीच्या तीस हजारी न्यायालयाने संजय गांधी आणि माजी माहितीमंत्री विद्याचरण शुक्ल यांना दोषी ठरवून दोन वर्षं आणि एक महिन्याची शिक्षा दिली. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांना निर्दोष सोडलं. तेव्हा कायद्याच्या दृष्टीने सिनेमा कुणीच जाळलेला नाही. पात्रं काल्पनिक होती, आगही काल्पनिक निघाली. खरा होता तो एकटा निर्माता, आणि त्याचा सिनेमा नाहीसा झाला होता.

आता सरळ रस्त्याने गेलेल्या सिनेमाचं काय होतं ते पाहू, आणि त्यासाठी आपल्या घरचंच उदाहरण बरं. जब्बार पटेलांचा ‘सिंहासन’ १९७९ चा. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या, विजय तेंडुलकरांची पटकथा, अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री आणि डॉ. लागूंचे अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे. मराठीत राजकारणावर याहून चांगला सिनेमा झालेला नाही, याबद्दल वाद घालायचा असेल तर दुसऱ्या दिवशी घालू. पण चित्रीकरण खुद्द मंत्रालयात झालं, आणि त्याला परवानगी दिली तेव्हाचे मुख्यमंत्री शरद पवार यांनी. ह्यात पवारांचा मोकळेपणा आहेच. पण वास्तववादी सिनेमाचा एक गुणधर्मही आहे: तो पुढाऱ्याला मोठा करतो. सरनाईकांचा मुख्यमंत्री फोन खाली ठेवून शांतपणे विरोधकाचा काटा काढतो तेव्हा आपण मनात ‘वा!’ म्हणतो. डावपेच चांगला दाखवायचा तर डावपेच खेळणारा हुशार दाखवावा लागतो, आणि हुशार दाखवलेला कुठल्या पुढाऱ्याला नको असतो? आज पंचेचाळीस वर्षांनीही मंत्री, आमदार ‘सिंहासन’चं नाव कौतुकाने घेतात. डॉक्टरांवरच्या सिनेमाचं डॉक्टर कौतुक करतात तसं हे नाही. त्यांना त्यात स्वतःचं देखणं छायाचित्र दिसतं. अख्ख्या सिनेमात त्यांना झोंबावा असा प्रसंग एकच, अगदी शेवटचा. निळू फुल्यांचा पत्रकार दिगू टिपणीस वेड्यासारखा हसत सुटतो. तिथे तेंडुलकर आणि पटेलांनी वास्तवाचा हात सोडला. आरोप संपले आणि नुसतं हसू उरलं, आणि ते कुणाला हसतंय हे सांगायची जबाबदारी बघणाऱ्यावर आली. त्या हसण्याचं कौतुक करताना मात्र कुठला मंत्री ऐकण्यात नाही.

नाव घेऊन, खरी माणसं दाखवून काम केलं तर आणखी एक गंमत होते. अरविंद केजरीवालांच्या उदयावर ‘अ‍ॅन इनसिग्निफिकंट मॅन’ हा माहितीपट झाला, तेव्हा २०१७ मध्ये प्रमाणन मंडळाने दिग्दर्शकांना सांगितलं की नरेंद्र मोदी, अरविंद केजरीवाल आणि शीला दीक्षित यांचे ना-हरकत दाखले आणा. पंतप्रधान, दिल्लीचे मुख्यमंत्री आणि माजी मुख्यमंत्री, तिघांच्या दारात रांग लावा, आणि तुम्ही आमच्यात दिसता तर चालेल का, म्हणून विचारा. अपिलीय न्यायाधिकरणाने ही अट मानली नाही आणि सिनेमा सुटला. (ते न्यायाधिकरणही २०२१ मध्ये बंद झालं, आता थेट उच्च न्यायालयात जायचं, म्हणजे स्वतंत्र निर्मात्याने कॅमेऱ्याच्या भाड्याआधी वकिलाच्या फीची तरतूद करायची.) पण ही अट अतिवास्तव सिनेमाला घालून दाखवा! चार्ली चॅप्लिनचा हुकूमशहा हिंकल पृथ्वीच्या गोलाचा फुगा करून त्याच्याशी नाचतो, फुगा कधी बोटावर, कधी पार्श्वभागावर झेलतो, आणि शेवटी तो फुगा त्याच्या तोंडावर फुटतो. ना-हरकत दाखला कुणाचा आणायचा? फुग्याचा? दाखला मागणाऱ्या कारकुनाला आधी विचारावं लागेल की हा जो कुणी नाचतोय तो कोण आहे, आणि उत्तर त्यालाच द्यावं लागेल.

चॅप्लिनचं हे उदाहरण स्वतंत्र निर्मात्यांनी रोज सकाळी आठवण्यासारखं आहे. ‘द ग्रेट डिक्टेटर’ १९४० चा, आणि पैसा सगळा त्याच्या स्वतःच्या खिशातला. हॉलिवूडला जर्मनीची बाजारपेठ हातची घालवायची नव्हती, आणि इंग्लंडचं सरकार हिटलरला चुचकारत होतं तोवर तिथे सिनेमा दाखवू देणार नाही असाच सूर होता. सिनेमा पुरा होईतो इंग्लंड युद्धात उतरलं आणि तोच सिनेमा एकाएकी देशाला हवासा झाला. पण मला त्यातली सुरुवातीची पाटी जास्त आवडते. आपल्याकडे ‘सर्व पात्रे काल्पनिक असून साम्य आढळल्यास तो निव्वळ योगायोग’ ही पाटी वकील लिहितो आणि प्रेक्षक तेवढ्यात खुर्चीचा नंबर शोधतो. चॅप्लिनने लिहिलं की हुकूमशहा आणि ज्यू न्हावी यांच्यात साम्य आढळल्यास तो योगायोग समजावा. दोन्ही भूमिका त्याच्याच! हिटलरशी साम्य आहे की नाही यावर पाटी गप्प. खोटं बोलण्याची कायदेशीर सोय असताना माणूस तिचाच विनोद करतो, ही खरी बादशाही. आणि हिंकल भाषण देताना मायक्रोफोन भीतीने मागे वाकतात ते पाहावं. ध्वनिक्षेपकाने वक्त्याला घाबरावं हे वास्तववादी नाही, पण सभेला गेलेल्या कुणालाही ते खोटं वाटत नाही.

पैशाचा विषय निघालाच आहे तर तो संपवून टाकू. वास्तव महाग असतं. सभा दाखवायची तर हजार माणसं, त्यांचा वडापाव, झेंडे, ताफा, लाल दिवा, विधान भवन. शिवाय माणसं भाड्याने आणायची तर त्या दिवशी गावात खरी सभा नको, नाहीतर भाव वाढतो. अतिवास्तवाला एक खोली पुरते. रॉबर्ट ऑल्टमनने १९८४ मध्ये ‘सीक्रेट ऑनर’ केला तो मिशिगन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून, मुलींच्या वसतिगृहात. राजीनामा दिलेला निक्सन रात्री एका खोलीत टेपरेकॉर्डरशी भांडतो, एवढंच. फिलिप बेकर हॉल हा एकच नट दीड तास बडबडतो, पितो, शिव्या देतो, स्वतःचाच वकील होतो, स्वतःच आरोपी होतो. सुरुवातीलाच सांगून टाकलंय की ही कल्पित गोष्ट आहे. अमेरिकेच्या सर्वात संशयी अध्यक्षाला मुलींच्या हॉस्टेलात कोंडून ठेवणं, ह्यासाठी मोठा स्टुडिओ लागला नाही आणि मोठ्या स्टुडिओने ते केलंही नसतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो शूर लोकांकडून. ते म्हणतात, हे सगळे भ्याडपणाचे चाळे आहेत; हिंमत असेल तर नाव घ्या. नाव घेणाऱ्यांबद्दल आदर आहे. पण नाहटांनी नाव घेतलं नव्हतं म्हणून त्यांचं काही वाचलं, असं कुठे दिसतं? रूपकात लपून ज्याच्या रिळांची राख होते त्याला भित्रा म्हणणं जरा अवघड आहे. आणि नाव घेतलं की खेळ दुसऱ्याच्या हातात जातो. ‘द डेथ ऑफ स्टालिन’मध्ये सगळी नावं खरी. स्टालिन जाऊन ६५ वर्षं होत आली होती, तरी रशियाच्या संस्कृती मंत्रालयाने जानेवारी २०१८ मध्ये प्रदर्शनाला दोन दिवस असताना परवाना काढून घेतला. त्यांना काहीच ओळखावं लागलं नाही, काहीच कबूल करावं लागलं नाही. इतिहासाचा अपमान झाला म्हटलं की काम भागलं. उलट सत्यजित राय यांचा ‘हीरक राजार देशे’ पाहा. १९८० चा, मुलांसाठी, आणि पैसा पश्चिम बंगाल सरकारचा. हिऱ्याच्या खाणीच्या राजाचे सगळे लोक यमकात बोलतात, न पटणाऱ्यांना यंत्राच्या खोलीत घालून त्यांच्या डोक्यात राजाची यमकं भरली जातात, आणि मास्तर तेवढा गद्यात बोलतो. राजधानी पाहुण्यांसाठी चकाचक करायची म्हणून गरिबांना हुसकावून लावतात तो प्रसंग आणीबाणीतल्या दिल्लीवरून घेतला, हे राय यांनी मुलाखतीत स्पष्ट सांगितलं आहे. पण तक्रार कोण करणार? यमकात बोलणारा राजा आमचा आहे, असं लिहून देणारा खासदार मिळायला हवा.

दुसरा आक्षेप खरा जड आहे, आणि तो मला पुरता परतवता येत नाही. टोपी कधी कधी भलत्याच डोक्यावर जाऊन बसते. तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ नाटक डिसेंबर १९७२ मध्ये पुण्यात आलं. ब्राह्मणांची माणसांचीच भिंत, तीच क्षणात पडदा, क्षणात गर्दी. नाना फडणवीस नाचतात, आणि घाशीरामाला मोठं करून काम संपल्यावर जमावापुढे टाकतात. तेंडुलकर सांगत राहिले की हे ऐतिहासिक नाटक नव्हे. सत्ता आपले घाशीराम कसे घडवते ते हे आहे. नाना १८०० मध्ये वारलेले. तरी त्यांच्या बाजूने एवढा गहजब झाला की नाटक करणाऱ्या संस्थेने १९ प्रयोगांनंतर नाटक थांबवलं आणि कलावंतांना बाहेर पडून थिएटर अकॅडमी काढावी लागली. ज्यांनी त्या काळात स्वतःचे जिवंत घाशीराम पाळले होते ते पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते की नाही ते सांगता येत नाही, पण उठून ओरडल्याचं तरी ऐकिवात नाही. टोपी इतकी जुन्या घाटाची शिवली की आजच्या माणसाला ती आपली वाटेना. माझ्या मताला हा तडा आहे आणि तो तसाच राहू द्यावा. एवढंच म्हणता येईल की छोटी मोटार ताजी होती, पुणेरी पगडी जुनी होती, आणि खवखव ताज्यानेच लवकर होते.

बाकीचे आक्षेप किरकोळ. असले सिनेमे सामान्य माणसाला कळत नाहीत, हे वाक्य ज्याने तमाशा पाहिलेला नाही त्यालाच सुचतं. वगात राजा एक गिरकी घेतो आणि गाव सोडून दिल्लीत पोचतो. कुणी ‘तिकीट काढलं का?’ विचारत नाही. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’त दादा कोंडके राजा-प्रधान-कोतवालाच्या गोष्टीत कालच्या पेपरातली बातमी घुसवत, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ती कुणाची हे समजावून सांगावं लागत नसे. कळत नाही ते शहाण्यांना, कारण ते अर्थ शोधत बसतात. हल्लीचं राजकारणच इतकं अचाट झालंय की त्याच्यापुढे कल्पना काय करणार, असाही एक सुस्कारा ऐकू येतो. स्टालिनच्या सिनेमात मार्शल झुकॉव्हच्या छातीवर खऱ्याइतकी पदकं लावली असती तर लोकांनी विश्वास ठेवला नसता, म्हणून ती कमी केली, असं तो काढणाऱ्यांनी सांगितलं आहे. वास्तव पुढे गेलं की विडंबनकार थोडा मागे येतो, इतकंच. त्यात काही बुडत नाही.

आणि याने झालं काय, हा शेवटचा प्रश्न. नाहटांनी सिनेमा पुन्हा काढला, तो १९७८ मध्ये लागला, आणि चालला नाही. लोकांना जळालेला सिनेमा पाहायचा होता, न जळालेल्यात त्यांना रस नव्हता. जानेवारी १९८० मध्ये संजय गांधी अमेठीतून निवडून आले. म्हणजे मतांच्या हिशेबात सिनेमाची किंमत शून्य. पण सिनेमाने मतं मिळवावीत ही अपेक्षा प्रचारपटाकडून करावी; व्यंगपटाचं काम साक्ष नोंदवून ठेवण्याचं आहे, आणि ती ५१ कलमी साक्ष सरकारने स्वतः दिली. जिथे न्यायालय पोचत नाही तिथे तर एवढंच हाती राहतं. चिलीचा पिनोशे २००६ मध्ये एकाही गुन्ह्यात दोषी न ठरता अंथरुणात मेला. २०२३ मध्ये, त्याने केलेल्या उठावाला पन्नास वर्षं होत असताना, पाब्लो लाराईन याने ‘एल कोंदे’मध्ये त्याला अडीचशे वर्षांचा रक्तपिपासू पिशाच केलं. तो लष्करी झगा पसरून रात्री शहरावर उडतो, माणसांच्या काळजाचा रस काढून पितो, आणि आपल्याला खुनी म्हणतात त्यापेक्षा चोर म्हणतात याचं त्याला जास्त वाईट वाटतं. मेल्याचं ढोंग केलेला पिशाच, हे शिक्षा न झालेल्या हुकूमशहाचं मला तरी फार वास्तववादी वर्णन वाटतं. त्यावर कुणी बदनामीचा दावा लावायचा तर आधी न्यायालयात सांगावं लागेल की आमचे जनरल उडत नव्हते.

ह्या सगळ्या व्यवहारात निर्मात्याला खरी भीती बाळगायची ती बंदीची नाही, हसणाऱ्या पुढाऱ्याची. जो पुढारी पहिल्या खेळाला येतो, मोठ्याने हसतो, दिग्दर्शकाच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढतो आणि ‘छान केलंय, आमचीही जरा कानउघाडणी झाली’ म्हणून चहा पाजून पाठवतो, त्याने सिनेमा कायमचा संपवला. त्याला उपाय नाही. सुदैवाने असे पुढारी थोडे, आणि त्यांच्याभोवतीचे कार्यकर्ते त्यांना तसं हसू देत नाहीत. साहेबांच्या आधी त्यांनाच खवखवतं.

तेव्हा कुणाला असा सिनेमा काढायचाच असेल तर त्याने खुशाल काढावा. मोटार असेल तर मोटार ठेवावी, नाव गंगारामच ठेवावं, उत्तरात ‘सर्व काल्पनिक’ लिहावं आणि हरकतींची नोटीस फ्रेम करून भिंतीवर लावावी. खर्चाच्या अंदाजपत्रकात मात्र एक ओळ जास्तीची धरावी. फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या १६ जणांनी ‘युक्त’ नावाची सहकारी संस्था काढून, कर्ज काढून, भर आणीबाणीत, १९७६ मध्ये ‘घाशीराम कोतवाल’चा सिनेमा केला; ओम पुरींच्या पडद्यावरच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक त्यातलं, आणि नाना होते मोहन आगाशे. आपल्याकडे तो जवळजवळ दिसेनासा झाला होता. आज तो पाहता येतो याचं कारण बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेने आपल्याकडची प्रत सांभाळून ठेवली होती. म्हणून एक प्रत परदेशी पाठवून द्या, आणि ती लोखंडी ट्रंकेत घालू नका.